बसक्या नाकाच्या गोळ्या

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी नवीन भेटतं आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन विचारतं, "काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" इथे डब्लिनला सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत असतात. चेरीवूडला, नाहीतर स्वोर्ड्सच्या बाजूला. कंपनीत नसतात ते हॉस्पिटलात डॉक्टर असतात. "मी गोळ्या ओतायचो," असं सांगितलं की समोरचा मान डोलावतो. "हां, फार्मा. चांगलं फील्ड आहे." पूर्वी मी दुरुस्ती करायचो. आता करत नाही. पोह्यांची रांग पुढे सरकत असताना शिसं, साचा आणि हरणं कुठून समजावत बसायचं?

यंदा मंडळाच्या अंकाचं बघणाऱ्या वृषालीताईंनी मात्र पिच्छा पुरवला. "काका, ऑफिसातले लेख आमच्याकडे ढीगभर आलेत. तुमचं लिहा. जसं बोलता तसं लिहा." माझी शाळा आठवीत सुटली. म्हणजे मीच सोडली. त्यामुळे चुका असतील त्या त्यांनी दुरुस्त केल्या असतील, आणि नसतील केल्या तर त्या त्यांच्या.

मी कोल्हापूरजवळचा, शिरोलीच्या बाजूचा. चुलत्याच्या ओळखीने पंधराव्या वर्षी फाउंड्रीत लागलो. वाळूत साचा बसवायचा, वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की फोडून बाहेर काढायचं. पंचवीस वर्षं हेच. मग दोन वर्षं आखातात, आणि तिथून एजंटामार्फत आयर्लंडला. इथे एक फाउंड्री गटारांची झाकणं ओतायची. तेव्हा या देशात घरं इतक्या झपाट्याने बांधली जात होती की झाकणं पुरत नव्हती. दोन वर्षांनी आमची फाउंड्रीही पाडायची ठरली, कारण त्या जागेवर घरं बांधायची होती.

त्या काळात कामाचं परमिट आपल्या नावावर नसायचं, मालकाच्या नावावर यायचं. मालक गेला की परमिट गेलं, आणि परमिट गेलं की विमान. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. अजूनही पोस्टमनने सरकारी दिसणारं तपकिरी पाकीट टाकलं की मी हातातलं काम टाकून ते आधी फोडतो, आणि आत काय असतं, तर कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक.

फाउंड्रीचं सामान विकायला काढलं त्या दिवशी एक उंच, वाकलेला म्हातारा छोटी भट्टी बघायला आला. मी कोपऱ्यात ओतायची पळी घासत होतो.

"फाउंड्री तर बंद झाली," तो म्हणाला. "पळी कशाला घासतोयस?"

"पळी बंद झालेली नाही," मी म्हणालो.

माझं इंग्रजी तेव्हा तेवढंच होतं, म्हणून वाक्य आखूड. त्याला वाटलं मी विनोदी माणूस आहे. त्याचं नाव डेक्लन. डब्लिनच्या दक्षिणेला विकलो परगण्यात, डोंगराखाली एका गावात त्याचं बंदुकांचं दुकान होतं. आठवड्याने त्याने मला बोलावून घेतलं आणि माझ्या परमिटसाठी स्वतः अर्ज भरला. पहिला अर्ज परत आला, तर दुसरा भरला. गावच्या पोलिस सार्जंटने माझी चौकशी केली. हे सगळं त्याने एका घासलेल्या पळीवरून केलं. त्याला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, मी "मालक" म्हणायचो. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इकडचं 'छान'. "माझी बायको हयात असती तर तिलाही शिकवला असता."

कोल्हापूरला फोन केला तर शोभा, माझी बायको, घाबरली. "बंदुका? तिकडं काय लढाई लागलीया व्हय?"

"हरणं आहेत गं. झाडं खातात."

"मग कुंपण घाला म्हणावं. तुम्ही त्यात पडू नका."

आता काम सांगतो. बंदुकीचं काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली बटणाएवढी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बंदुकीतला टोचा टोपीवर आपटला की ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी सुटते. कारखान्यातली तयार काडतुसं मिळतातच. पण जुन्या बंदुकांचे काही हौशी मालक असतात, त्यांना शिशाची, हाताने ओतलेली गोळी लागते. या देशात कोणी घरी बसून काडतूस भरू शकत नाही, तो गुन्हा आहे. डेक्लनकडे दोन परवाने होते, दोन्ही काउंटरमागच्या भिंतीवर काचेत लावलेले. एक बंदुका विकण्याचा, दुसरा काडतुसं भरण्याचा. दुसऱ्यात एक अट होती. भरताना मालक दुकानात हजर पाहिजे.

ओतायचं काम माझं. शिसं कुठूनही यायचं. गॅरेजवाला चाकांची जुनी वजनं द्यायचा. एकदा पाद्रीबाबांनी चर्चच्या छपरावरून निघालेले शिशाचे पत्रे आणले आणि म्हणाले, "घे, यांनी पिढ्यानपिढ्या प्रवचनं ऐकली आहेत. चांगली मऊ झाली असतील." खरंच मऊ होती, त्यात थोडं कथील घालावं लागलं. भट्टीत शिसं वितळलं की मेणाचा तुकडा टाकायचा, ढवळायचं, वर येणारी मळी काढून टाकायची. साचा म्हणजे दोन लोखंडी ठोकळे, सांडशीसारखे मिटणारे. पळीने ओतायचं, क्षणभर थांबायचं, वर उरलेल्या शिशाचं बोंड कापायचं, साचा उघडायचा, गोळी टॉवेलवर पडते. शिसं थंड असलं तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापलं तर अंगावर दव पडल्यासारखी झाक येते. पहिल्या वीसेक गोळ्या परत भट्टीत, कारण साचा अजून तापलेला नसतो. भट्टीपाशी चहा प्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. शिसं गुपचूप पोटात जातं.

मग गोळीच्या पोटावरच्या खाचेत मेण आणि चरबीचं मिश्रण भरायचं. पहिल्या दिवशी चरबी म्हटल्यावर मी थबकलो. शाळेतल्या इतिहासातलं जेवढं डोक्यात राहिलं त्यात अठराशे सत्तावन्न सालची काडतुसं होतीच. मी विचारलं, "कशाची चरबी?"

"मेंढीची," डेक्लन म्हणाला. "का?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "इंग्रजांनी हे केलं? काडतुसावरून अख्खं सैन्य बिथरवलं?"

"हो."

"आम्हाला सांगायला हवं होतंस लवकर," तो म्हणाला आणि हसत हसत भट्टी पेटवायला गेला.

आणखी एक सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडे फाउंड्रीत हत्यारांची पूजा, त्या दिवशी कोणी हत्याराला कामासाठी हात लावत नाही. मी डेक्लनकडेही ते पाळलं. साचे, सांडशी, पळी आणि एक ओतलेली गोळी फडक्यावर मांडून हळद-कुंकू वाहायचो. पहिल्या वर्षी डेक्लन दारात उभा राहून बघत होता. "आज सुट्टी कोणाची? तुझी की त्यांची?"

"त्यांची."

"मग तू काउंटरला ये."

असं तीनेक वर्षं नीट चाललं. हळूहळू त्याने मला भरायलाही शिकवलं. तो शेजारी स्टुलावर बसायचा, मी दारू तोलायचो. एका वेळी एकच पुंगळी, आणि प्रत्येक भरलेल्या पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघायचं. मग एका वसंतात माझ्या लक्षात आलं की दिव्याखाली तो डोकावत नाही. मला विचारतो, "बघितलंस?" पावती डोळ्यांपासून लांब धरतो, मग जवळ आणतो, मग माझ्याकडे देतो. दारातून कोण आलं ते आवाजावरून ओळखतो. मोतीबिंदू. त्याने कोणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे मिस्त्रीचे डोळे गेले तर पोरं त्याच्या मापाच्या पट्टीवर गुपचूप खिळ्याने खुणा करून ठेवायची, बोटाला लागतील अशा. त्याला वाटायचं पट्टी जुनी झाली. त्याच भावनेने मीही बरंच काही करत होतो.

नोव्हेंबरात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, डब्लिनला. साखर वाढलेली होती म्हणून आधी आणि नंतर मिळून चार दिवस ठेवून घेणार होते. जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "नोराला वीस काडतुसं द्यायची आहेत, शुक्रवारी. गोळ्या मी ओतून ठेवल्यात, बिस्किटांच्या डब्यात. तू भरून ठेव."

"मालक, तुम्ही हजर नसताना?"

"तिला शब्द दिलाय. वीसच तर आहेत."

नोरा सत्तरीची, डोंगराच्या उतारावर एकटी राहणारी. तिने नवीन झाडं लावली होती आणि हरणं ती रोज संध्याकाळी येऊन सोलून जात. तिच्याकडे दिराने अमेरिकेहून पाठवलेली जुनी लिव्हरची रायफल होती. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस चढतं, तशी. अशी रायफल त्या भागात दुसरी नव्हती, आणि तिचा परवाना नोराला त्याच वर्षी मिळाला होता. मी ती बघितली नव्हती. तिचं काम डेक्लन शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, स्वतः करायचा.

गुरुवारी दुपारी मी बिस्किटांचा डबा उघडला. आत पन्नासेक गोळ्या होत्या आणि सगळ्यांचं नाक बसलेलं. मी आजवर तिथे ओतलेली प्रत्येक गोळी टोकदार होती. या गोळ्या पुढून चपट्या, कोणीतरी करवतीने टोक कापल्यासारख्या. फाउंड्रीत साचा पूर्ण भरला नाही की ओतीव असंच दिसतं. टोकाला धातू पोहोचलाच नाही. एक नाही, दोन नाही, पन्नासच्या पन्नास रिजेक्ट.

मी स्टुलावर बसलो, त्याच्या स्टुलावर. मला राग आला नाही, वाईट वाटलं. एवढा कसबी माणूस, आणि आता त्याला गोळीचं टोक भरलं की नाही तेही दिसत नाही. हा डबा नोराच्या हाती पडला असता तर गावभर झालं असतं. मी ठरवलं की त्याची लाज झाकायची. भिंतीवर त्याच जाडीच्या गोळीचा टोकदार साचा टांगलेला होता. पन्नासपैकी एक सोडून सगळ्या गोळ्या भट्टीत टाकल्या. एक ठेवली ती सवयीने. आमचे मिस्त्री प्रत्येक रिजेक्ट लॉटमधला एक नग नमुना म्हणून फळीवर ठेवायचे, नवीन पोरांना दाखवायला. ती मी कोटाच्या खिशात टाकली. बाकीच्यांचं शिसं पुन्हा ओतलं. इतक्या सुंदर गोळ्या मी त्याआधी आणि त्यानंतर ओतल्या नाहीत. टोकं सुईसारखी, अंगावर एक सुरकुती नाही. वीस काडतुसं भरली, लांबी मोजली, डब्यात ओळीने लावली. शुक्रवारी नोरा आली, डबा पिशवीत टाकला आणि म्हणाली, "म्हाताऱ्याला सांग, परत येताना दोन्ही डोळे घेऊन ये."

शनिवारी मालक नव्हते म्हणून सकाळी दुकान मीच उघडलं, मग बंद करून बसने डब्लिनला गेलो. डेक्लन पलंगावर बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, पुढ्यात जेली. खूश होता. पट्टी सकाळी पाच मिनिटं काढली होती तेव्हा त्याला पडद्यावरची फुलं मोजता आली होती.

"नोरा आली होती?"

"आली होती. घेऊन गेली."

"तिच्या गोळ्या ओतायला मला एक अख्खा शनिवार लागला," तो म्हणाला. "साचा घरच्या कपाटात असतो, दुकानात ठेवत नाही. चुकून दुसऱ्या कशात वापरला जाऊ नये म्हणून. तिच्या बंदुकीत काडतुसं पेटीत नसतात बरं का, आपल्या इतर बंदुकांसारखी. नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात एकामागे एक उभी, मालगाडीच्या डब्यांसारखी. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. म्हणून नाक चपटं ठेवावं लागतं."

मी विचारलं, "टोकदार असलं तर?"

"टोक पुढच्याच्या टोपीवर येतं. बंदूक उडाली की धक्का बसतो." त्याने चमच्याने जेलीवर टोचून दाखवलं. "कदाचित वर्षभर काही होणार नाही. मग एक दिवस नळी तिच्या हातातच फुटेल."

माझा हात खिशात होता. खिशात ती एक गोळी होती. मी अंगठा तिच्या चपट्या नाकावरून फिरवला. कड धारदार होती, सगळीकडून सारखी, गोल नाण्यासारखी. अर्धवट भरलेल्या ओतीवाची कड कधीच धारदार नसते. धातू जिथे थिजतो तिथे गोलवा येतो, पाण्याच्या थेंबासारखा. हे मला पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं. गुरुवारीही ती कड माझ्या बोटांना लागली असणार. पण मी गोळी बघितलीच नव्हती, त्याचे डोळे बघत होतो.

आता कबुली द्यायची ती ही. मी लगेच बोललो नाही. तो जेली खात होता आणि मी त्याची जेली संपेपर्यंत गप्प बसलो. डोक्यात नोरा नव्हती. डोक्यात परमिट होतं, भिंतीवरच्या दोन काचा होत्या, शिरोलीला परत गेल्यावर लोक काय विचारतील ते होतं. तेवढा वेळ मी घेतला. आजही तो वेळ मला कोणाला परत देता येत नाही.

मग सांगितलं. सगळं सांगितलं, रिजेक्टपासून. त्याचा चांगला डोळा, म्हणजे अजून न कापलेला, माझ्याकडे लागला होता, त्याला त्यातून काय दिसत होतं देव जाणे.

"तू माझ्यावर दया केलीस," तो म्हणाला.

"हो, मालक."

"घड्याळ बघ. हरणं साडेचारला उतरतात. ती त्याच्या आधी बाहेर पडते."

दोन वाजून गेले होते. त्याने नर्सला हाक मारून फोन मागवला. नोराच्या घरी घंटा वाजत राहिली. तिच्याकडे मोबाइल नव्हता. मग त्याने क्षणही न थांबता गावच्या पोलिस चौकीचा नंबर फिरवला. मी म्हणालो, "मालक, परवाना..." त्याने हात वर केला. चौकीत कोणी नव्हतं, निरोप ठेवायची सोय होती. त्याने निरोप ठेवला. नोराच्या काडतुसांत चूक आहे, तिला थांबवा. आणि शेवटी म्हणाला, "मीच भरली आहेत."

"तुम्ही नाही," मी म्हणालो.

"तुझी बस जाईल," तो म्हणाला.

बसमध्ये मी काय विचार केला ते लिहायचं नाही, कारण काहीच केला नाही. खिडकीबाहेर नवीन वसाहती होत्या, एकसारख्या, आणि प्रत्येक रस्त्यावर गटाराची झाकणं असणार, त्यातली काही माझी, एवढंच डोक्यात येत होतं. गावात उतरलो तेव्हा चार वाजत आले होते. नोराचं घर वर, दोन मैलांवर. अर्धा रस्ता पळालो, उरलेला चाललो, वयाने पळू दिलं नाही. सगळा वेळ कान डोंगराकडे होते. एकदा मोठा आवाज झाला आणि मी रस्त्यातच खाली बसलो. कोणाचं तरी लोखंडी फाटक होतं.

नोराच्या अंगणात सार्जंटची गाडी उभी होती.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात नोरा आणि सार्जंट टेबलाला बसले होते, दोघांपुढे चहा. मध्ये माझा डबा, उघडा. वीसच्या वीस काडतुसं तशीच ओळीत उभी. रायफल भिंतीला टेकून.

"आला बघ तुझा माणूस," नोरा सार्जंटला म्हणाली. "ये, बस. बूट काढू नकोस, यानेही काढलेले नाहीत."

मला दम लागला होता. मी बसलो नाही. "वापरली नाहीत?"

"वापरली असती तर चहा कोणी केला असता?" तिने एक काडतूस उचलून माझ्यापुढे धरलं. "शुक्रवारी गाडीत बसल्या बसल्या डबा उघडला. म्हटलं, या माणसाचं मी काय वाकडं केलंय? मला मारायला का निघालाय? परत येऊन तुझ्या तोंडावर फेकणार होते. मग वाटलं, डेक्लन तिकडे पडलाय, हा एकटा आहे. सोमवारी डेक्लनलाच विचारू. आणि बंदुकीत पेन्सिली घालायला मी काही काल जन्मले नाही."

"फोन का नाही उचलला?"

"कोंबड्यांना दाणे टाकत होते. शनिवारी दुपारी फोन करतं कोण? माझी बहीण. तिचा कशाला उचलू?"

म्हणजे मी पळालो नसतो तरी चाललं असतं. तीस वर्षं धातूत घालवलेल्या माणसाला जे कळलं नाही ते त्या बाईला गाडीत एका नजरेत कळलं होतं.

सार्जंटने वही काढली. तो घाई करणारा माणूस नव्हता. "ही काडतुसं कोणी भरली?"

"मी," मी म्हणालो. "गोळ्याही मीच ओतल्या. मालक इथे नव्हते."

"निरोपात डेक्लन म्हणतो, त्याने भरली."

"ते गुरुवारी हॉस्पिटलात होते."

"ते मला माहीत आहे. डेक्लनला ईस्टरपासून माझ्या गाडीचा नंबर वाचता येत नाही, हेही सगळ्या गावाला माहीत आहे." त्याने पेनने कपाळ खाजवलं. "चूक एक आणि कबूल करणारे दोन. फॉर्मवर नावाला एकच ओळ आहे."

"मग माझं लिही," नोरा म्हणाली. "म्हणजे सगळ्यांचं भागेल."

सार्जंट हसला नाही. डबा बंद करून त्याने काखेत घेतला. मी खिशातली चपटी गोळी काढून टेबलावर ठेवली आणि हीसुद्धा घ्या म्हणालो. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली. "हा नुसता शिशाचा तुकडा आहे. ठेव." फॉर्मवर त्याने शेवटी काय लिहिलं ते मला आजतागायत माहीत नाही.

मालक नसताना काडतुसं भरली गेली होती, हे मात्र झाकण्यासारखं नव्हतं आणि डेक्लननेही झाकलं नाही. महिन्याभरात सरकारी खात्याची माणसं आली, त्यांनी वह्या तपासल्या, आणि भरण्याचा परवाना गेला. विकण्याचा राहिला. काच उतरवल्यावर भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. पाद्रीबाबा येऊन तिथे काहीतरी टांगा म्हणाले. डेक्लनने कॅलेंडर टांगलं, ते लहान पडलं, कडेने चौकोन दिसत राहिला. नोरा त्यानंतर तयार काडतुसं आणायला लागली आणि प्रत्येक वेळी, ती डेक्लनच्या ओतलेल्यांसारखी उडत नाहीत, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची. त्या भागातलं शिशाचं ओतकाम असं संपलं. मी नंतर मासेमारीची वजनं ओतली, बंदुकांचे लाकडी दस्ते पॉलिश केले, नळ्या साफ केल्या.

वसंतात माझं परमिट पुन्हा करायची वेळ आली. मी पाकिटं बघायचं सोडून दिलं होतं. डेक्लन काउंटरवर अर्ज पसरून बसला, नवीन डोळ्याने, चष्म्याशिवाय. कामाचं नाव लिहायच्या रकान्यापाशी थांबला.

"पूर्वी काय लिहायचो आपण?"

"ओतारी."

"हं." त्याने लिहिलं. काय लिहिलं ते बघायला मी वाकलो नाही. मग तो ड्रॉवर उघडून काहीतरी शोधायला लागला. त्या गुरुवारच्या उरलेल्या टोकदार गोळ्यांपैकी एक त्याच्याकडे होती. खिडकीपाशी नेऊन त्याने ती बराच वेळ फिरवून पाहिली, सगळ्या बाजूंनी, जशी तो मला बघायला शिकवायचा तशी.

"किती सुंदर ओतली आहेस रे," तो म्हणाला. "माझ्या दुकानातली सगळ्यात चांगली. मला विचारायचं होतंस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," तो म्हणाला, आणि गोळी वितळवायच्या शिशाच्या डब्यात टाकली.

त्याला जाऊन आता काही वर्षं झाली. दुकानाच्या जागी कॉफीचं दुकान आहे. मी निवृत्त होऊन शोभासह डब्लिनजवळ ल्यूकनला मुलीकडे राहतो. पळी माझ्याकडे आहे, बसक्या नाकाची ती एक गोळीही आहे. खंडेनवमीला मुलगी देवापुढे लॅपटॉप मांडते, जावई गाडीची किल्ली ठेवतो, आणि मी फडक्यावर पळी ठेवतो, शेजारी गोळी उभी करतो. कुंकवाचं बोट लावतो. टोकदार गोळीवर ते कधीच नीट बसायचं नाही, घसरून खाली यायचं. हिच्या नाकावर पहिल्याच बोटाला बसतं.